खिशातली भाषा आणि मेजावरची भाषा

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनगटात एम.ए.ची एक विद्यार्थिनी येऊ लागली. मोबाइलवरील एका ॲपच्या साहाय्याने तिने बांगला शिकायला घेतली होती आणि एकही दिवस न चुकवता तिचा हा क्रम दोनशे दहा दिवस चालू होता. पडद्यावरचा तो आकडा तिने आम्हांला अभिमानाने दाखवला. आम्हीही कौतुकाने शरच्चंद्रांच्या 'श्रीकांत'च्या पहिल्या भागाचे पहिले पान तिच्यापुढे ठेवले. लिपी तिने अडखळत का होईना, पण वाचली. नामे ओळखीची होती. विशेषणे बहुतेक संस्कृत, म्हणजे मराठी वाचकाला घरचीच. तरीही पहिल्या परिच्छेदातच ती थांबली. क्रियापदे तिला ओळखू येईनात. 'ही बांगला मला कुणी शिकवलीच नाही,' असे ती म्हणाली, आणि ते अक्षरशः खरे होते.

ज्यांना बांगलाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करायला हवा. बांगला गद्याची दोन रूपे आहेत : साधु आणि चलित. बोलताना 'जाच्छे' म्हणतात तिथे साधु भाषेत 'जाइतेछे' लिहितात. 'तार'च्या जागी 'ताहार' येते, 'कोरे'च्या जागी 'कोरिया'. प्रमथ चौधुरींच्या 'सबुज पत्र' या मासिकाने 1914 पासून चलित भाषेचा कैवार घेतला, रवींद्रनाथही तिकडे वळले आणि 'घरे बाइरे' त्यांनी चलित भाषेत लिहिली. त्यापूर्वीची 'गोरा' मात्र साधु भाषेत आहे. बंकिमचंद्रांचे गद्य आणि शरच्चंद्रांच्या कादंबऱ्यांतील बहुतांश निवेदनही साधु भाषेतच आहे. म्हणजे ज्या लेखकांपायी मराठी माणसाला आजवर बांगला शिकावीशी वाटली, त्यांच्या घराचा दरवाजा ज्या किल्लीने उघडतो ती किल्लीच या मुलीला मिळाली नव्हती. दोनशे दहा दिवसांत तिने रेल्वेचे तिकीट मागणे, चहा मागणे, भावंडांची संख्या सांगणे हे सारे पक्के केले होते. ते निरुपयोगी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण तिला हवे होते ते शरच्चंद्र.

त्या दिवसापासून आमच्या गटात एक वाद सुरू झाला. दुसरी भाषा मोबाइलवर शिकावी की संगणकावर? वरकरणी हा प्रश्न यंत्राचा वाटतो आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात पडू नये असेही कुणाला वाटेल. आमचे मत याच्या उलट आहे. कोणत्या साधनावर आपण भाषा शिकतो यावरून 'भाषा येणे' म्हणजे काय याची आपली कल्पना ठरत जाते, आणि ती कल्पना साहित्याच्या विद्यार्थ्याच्या फार जवळची आहे.

प्रथम मोबाइलवर होणारा एक अन्याय दूर करू. ॲपवरील पाठ तुटक असतात, एकेका वाक्याचे असतात, तेच तेच पुन्हा विचारतात, अशी तक्रार आपण ऐकतो. परंतु ही पद्धत मोबाइलने जन्माला घातलेली नाही. विसरण्याचा वेग मोजण्याचा प्रयत्न हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केला होता. विसरायच्या बेतात असलेला शब्द नेमका त्या वेळी पुन्हा पुढे यावा, यासाठी सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली खोक्यातल्या कागदी पत्त्यांची युक्ती मांडली. आजची ॲप्स म्हणजे पुष्कळ अंशी तेच खोके आहे, फक्त पत्ते उलटण्याचे काम यंत्र करते. संगणकाचाही इतिहास याहून फार वेगळा नाही. 1960 साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या 'प्लेटो' या प्रणालीवर पुढे अनेक विषयांबरोबर भाषांचेही पाठ तयार झाले. गाळलेल्या जागा भरा, उत्तर बरोबर की चूक ते यंत्र सांगेल, ही शिकवण्याची रीत संगणकाच्या अंगवळणी फार पूर्वी पडली होती. तेव्हा 'संगणक गंभीर आणि मोबाइल उथळ' असा सोपा निवाडा आम्ही देणार नाही.

तरीही एक उदाहरण नोंदवण्यासारखे आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुइस फॉन आन आणि सेव्हेरिन हॅकर यांनी काढलेले 'ड्युओलिंगो' 2012 साली सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा त्यामागची कल्पना आजच्यापेक्षा वेगळी होती. शिकणाऱ्याने सरावासाठी आंतरजालावरील खरेखुरे लेख भाषांतरित करावेत, आणि त्यातून शिक्षणही व्हावे व भाषांतरही मिळावे, अशी ती योजना होती. संकेतस्थळावर त्यासाठी स्वतंत्र विभाग होता. पुढे तो बंद झाला, आणि लोक ज्याला आज ड्युओलिंगो म्हणून ओळखतात ते म्हणजे खिशातला पाच मिनिटांचा खेळ. या बदलाचे कारण केवळ मोबाइल होते असा आमचा दावा नाही. व्यवसायाची गणितेही त्यात असणारच. पण जे गेले ते नेमके काय होते हे पाहावे. सलग लेख गेला. कुणीतरी कुणाला तरी काही सांगण्यासाठी लिहिलेला, शिकवण्यासाठी न बेतलेला मजकूर गेला.

आता मोबाइलच्या बाजूने जे म्हणता येईल ते सर्व म्हणतो, कारण त्यातील बरेचसे आम्हांला स्वतःला पटलेले आहे. मोबाइल हे मुळात कानाचे यंत्र आहे आणि दुसरी भाषा शिकताना आपण मराठी माणसे सर्वांत अधिक फसतो ती कानानेच. बांगला अक्षरांत आपल्याला संस्कृत शब्द दिसतो आणि आपण तो बिनदिक्कत मराठी उच्चारात वाचतो. 'लक्ष्मी' असे लिहिलेले तिथे 'लोक्खी' होते, 'वसंत'चा 'बशोन्तो' होतो, आणि 'आत्मा' असा काही उच्चारला जातो की मराठी कानाला तो 'आत्ता' वाटावा. केवळ पानावरून बांगला शिकलेला मराठी वाचक रवींद्रनाथांची कविता मनात मराठी छंदात वाचत राहतो आणि यमके का जुळत नाहीत याचे त्याला आश्चर्य वाटते. कानात यंत्र घालून रोज अर्धा तास बांगला ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचे असे होत नाही. आमच्यापैकी जे वर्षानुवर्षे कोश आणि व्याकरणे घेऊन बसले होते, त्यांचे उच्चार त्या दोनशे दहा दिवसांच्या मुलीनेच सुधारले, हे कबूल करायला हवे.

कानाने भाषा साहित्यापर्यंत नेता येते याचा भक्कम पुरावा आपल्याकडेच आहे. उमा कुलकर्णी यांनी भैरप्पांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांच्या कामाची रीत त्यांनी स्वतःच सांगितलेली आहे : पती विरूपाक्ष कुलकर्णी कन्नड मजकूर वाचून दाखवत आणि तो ऐकून त्या तो मराठीत उतरवत. लिपीपेक्षा आवाज हा त्यांचा रस्ता होता. मात्र त्या आवाजातून काय येत होते? सबंध कादंबरी, पानामागून पान. कान लावून बसण्यासारखे काहीतरी त्या कानांना दिले जात होते. आम्ही मोबाइलकडे तक्रार करतो ती एवढीच. त्याच्याजवळ कानापर्यंत पोहोचण्याची इतकी उत्तम वाट आहे, आणि त्या वाटेने तो बहुधा चहाची ऑर्डर पाठवतो.

शिवाय मोबाइल असतो तिथे संगणक नसतो, ही साधी गोष्ट आहे. 2009 साली बांगलादेशात 'बीबीसी जानाला' हा उपक्रम सुरू झाला. साध्या फोनवरून 3000 हा क्रमांक फिरवावा आणि तीन मिनिटांचा इंग्रजीचा पाठ ऐकावा, अशी त्याची रचना होती. ज्यांच्या घरी संगणक नाही, गावात वर्ग नाही, अशांपर्यंत ती भाषा पोहोचली ती फोनमुळे. आपल्याकडे 2016 नंतर मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले, आणि आज आमच्या वर्गात बसणाऱ्या बहुतेक मुलामुलींच्या हातात एक यंत्र असते, दुसरे नसते. या वाक्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

मग मेजावरच्या संगणकात असे काय आहे? आमच्या मते दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे दोन मजकूर शेजारी शेजारी उघडे ठेवता येतात. ही बाब क्षुल्लक वाटते, पण भाषांतर ज्याने केले आहे त्याला ती क्षुल्लक वाटणार नाही. डावीकडे कादंबरीचे पान, उजवीकडे कोश. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे कोश आंतरजालावर खुले केले आहेत. त्यात बांगलाचा 'संसद' आहे, तसाच आपला मोल्सवर्थही आहे. 'अभिमान' हा शब्द घ्या. ॲप त्याचा अर्थ 'गर्व' असा सांगून मोकळे होते आणि आपल्याला तो मराठीसारखाच वाटतो. पण बांगला कादंबरीत नायिका 'अभिमान' करते तेव्हा ती गर्व करत नसते. जवळच्या माणसाने दुखावले म्हणून ती रुसलेली असते, आणि ते दुखणे त्याने न सांगता ओळखावे अशी तिची अपेक्षा असते. हा अर्थ कोशातल्या नोंदीने अर्धाच कळतो. उरलेला अर्धा मागचे पान आणि पुढचे पान वाचल्यावर कळतो. त्यासाठी पान समोर राहावे लागते, आणि बोट न हलवता नजर मागे फिरवता यावी लागते.

याच प्रकारचे मोठे उदाहरण म्हणजे जादवपूर विद्यापीठाने 2013 साली खुला केलेला 'बिचित्रा' हा रवींद्रसंग्रह. रवींद्रनाथांची हस्तलिखिते आणि छापील आवृत्त्या तिथे एकत्र आहेत आणि एकाच रचनेचे दोन पाठ समोरासमोर ठेवून त्यांतील भेद पाहण्याची सोयही आहे. कवीने कोणता शब्द खोडला आणि कोणता ठेवला हे विद्यार्थ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. मोबाइलवर हे पान उघडत नाही असे नाही. ते उघडते, आणि खिडकीच्या फटीतून मिरवणूक पाहावी तसे दिसते.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. मोबाइलवर आपण शब्दाचे पहिले अक्षर टाकतो आणि उरलेला शब्द यंत्र सुचवते. आपण तो ओळखतो आणि निवडतो. ओळखणे आणि आठवणे यांत जे अंतर आहे तेच वाचकाच्या आणि लेखकाच्या भाषाज्ञानात आहे. संगणकाच्या कळफलकावर शब्द आपल्यालाच घडवावा लागतो : ऱ्हस्व की दीर्घ, कोणते जोडाक्षर, कोणता 'श'. इथे मराठी विद्यार्थ्याला एक देणगी आयतीच मिळालेली आहे आणि तिची जाणीव फार थोड्यांना असते. भारतीय लिपींसाठी जो इन्स्क्रिप्ट कळफलक प्रमाण मानला गेला, त्यात सर्व लिपींची मांडणी एकच आहे. देवनागरी 'क' ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर बांगला 'क' आहे, कन्नड 'क' आहे. ज्याची बोटे मराठी इन्स्क्रिप्टवर बसलेली आहेत, त्याला बांगला किंवा कन्नड टंकलेखन नव्याने शिकावे लागत नाही; भाषा बदलली की पुरे. आपल्या भाषांचे सख्य दाखवणारी इतकी सोपी गोष्ट भाषाविभागांत क्वचितच शिकवली जाते. आमचे बहुतेक विद्यार्थी मराठीसुद्धा रोमन अक्षरांतून टंकतात आणि दुसरी भाषाही त्याच वाटेने शिकू पाहतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. कोश मोबाइलवरही आहेत, कादंबऱ्या मोबाइलवरही आहेत, इच्छा असलेला माणूस त्यावर 'गोरा'सुद्धा वाचतो. उलट संगणकावर बसून दिवसभर चित्रफिती पाहणारेही आपण पाहतोच. मग दोष यंत्राला का द्यावा? आमचे उत्तर असे की आम्ही दोष देत नाही, सवय मोजतो. मोबाइल आपण उभ्याने, बसमध्ये, कशाच्या तरी वाट पाहण्याच्या वेळात उघडतो. मेजापाशी आपण बसतो. पाच मिनिटांच्या फटीत जे मावते त्या मापाचीच भाषा तिथे आपल्याला दिली जाते, आणि हळूहळू तेवढीच भाषा असते असे वाटू लागते. आमच्या गटातील काहींनी वर्षभर फक्त मोबाइलवर बांगला शिकून पाहिली, काहींनी फक्त संगणकावर आणि छापील पुस्तकांवर. याला प्रयोग म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण एक फरक सर्वांनाच दिसला. पहिल्यांना कुणी बंगाली भेटला की बोलावेसे वाटे. दुसऱ्यांना पुढचे पान काय म्हणते ते पाहावेसे वाटे. दोन्ही ओढी खऱ्या आहेत. साहित्याच्या विद्यार्थ्याला दुसरीवाचून चालणार नाही.

कुणी म्हणेल की आता हा सारा खटाटोपच कालबाह्य आहे. संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता 2022 च्या अखेरीपासून सर्वांच्या हातात आली आहे. 'जाइतेछे' म्हणजे काय, असे मोबाइललाच विचारावे, तो साधु-चलितचा भेदही समजावून सांगेल. सांगतो, आम्ही विचारून पाहिले आहे. शिक्षक जवळ नसलेल्याला त्याचा मोठा आधार आहे. परंतु जो प्रश्न विचारायचा तो पानावर अडल्याशिवाय सुचत नाही. आणि सबंध पानच त्याच्याकडून मराठीत करून घेतले तर वाचन त्याचे झाले, आपले नव्हे. इतर भारतीय भाषांतील पुस्तके मराठीत अनेकदा हिंदी किंवा इंग्रजीच्या मध्यस्थीने येतात, ही जुनी खंत आहे. आता यंत्राच्या मध्यस्थीने येऊ लागतील. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले ते बांगला वाचून. साने गुरुजींनी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात इतर प्रांतांतील माणसांमध्ये राहून त्यांच्या भाषांकडे कान दिला, आणि पुढे आंतरभारतीचे स्वप्न मांडले. पु. ल. देशपांडे पन्नाशीत शांतिनिकेतनात जाऊन बांगला शिकले आणि त्यातून 'वंगचित्रे' हे पुस्तक झाले. या तिघांपैकी कुणाजवळही यंत्र नव्हते, पण तिघांजवळही वेळ काढून बसण्याची जागा होती; एकाची तर ती तुरुंगात होती.

आणि इथे आम्ही मघाच्या वाक्याकडे परत येतो. आमच्या मुलांच्या हातात एकच यंत्र आहे. 'मोबाइल की संगणक' हा प्रश्न ज्याच्याकडे दोन्ही आहेत त्याच्यासाठी आवडीचा आहे. त्या मुलीसाठी तो तसा नव्हता. ती राहत होती त्या वसतिगृहात संगणक नव्हता. ती शिकत होती त्या महाविद्यालयात संगणककक्ष होता, परंतु तो विज्ञान आणि वाणिज्य शाखांच्या तासिकांसाठी राखलेला. भाषेच्या विद्यार्थ्यांना संगणक कशाला, असे तिला विचारण्यात आले, आणि ते विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते. भाषा ही बोलण्याची गोष्ट, ती फोनवर शिकता येते, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. ही समजूत आम्ही साहित्याच्या शिक्षकांनीच पसरू दिली आहे. मुलांनी वर्गात मोबाइल काढला की आम्ही रागावतो. घरी त्याच मोबाइलवर त्यांनी भाषा शिकली की पाठ थोपटतो. मात्र सलग वाचायला आणि लिहायला त्यांना मेज, पडदा आणि दोन तासांची शांतता मिळते का, हे विचारत नाही.

आमचे म्हणणे म्हणून फार मोठे नाही. दुसरी भाषा शिकवणाऱ्या विभागांनी कामाची वाटणी करावी. ऐकणे, उच्चार आणि शब्दांची उजळणी मोबाइलवर सोपवावी आणि ती सोपवताना कमीपणा मानू नये. चहा आणि तिकिटाबरोबर मोठ्याने वाचलेल्या कथाही मुलांच्या कानांवर जातील अशी यादी शिक्षकांनी करून द्यावी. वाचन आणि लेखन मात्र मेजावर व्हावे, आणि ते मेज पुरवणे ही संस्थेची जबाबदारी मानली जावी. संगणककक्षाच्या वेळापत्रकात आठवड्यातून दोन तास भाषाविभागाच्या नावे लिहून घ्यावेत. त्या दोन तासांत एक पान, एक कोश आणि इन्स्क्रिप्ट. वर्षाअखेरीस विद्यार्थ्याने किती दिवस न चुकता सराव केला हे न विचारता, मूळ भाषेतील एक परिच्छेद त्याच्यापुढे ठेवावा.

आमच्या गटात ती व्यवस्था आम्ही आपल्यापुरती केली. एका सदस्याच्या घरचा जुना संगणक शनिवारी दुपारी मोकळा असतो. ती मुलगी तिथे येते. तिच्या मोबाइलवरचा आकडा मध्येच कधीतरी शून्यावर आला आणि तिला त्याचे काही दिवस वाईट वाटले. 'श्रीकांत'चा पहिला भाग गेल्या महिन्यात तिने पूर्ण केला, आणि आता त्यातील एक प्रकरण ती थेट बांगलातून मराठीत करते आहे. एका जागी ती दोन शनिवार अडून बसली होती. तो शब्द 'अभिमान' होता.